‘स्वेन’ वाचताना या चुका टाळा

जुन्या इंग्रजी कवितेत ‘स्वेन’ (swain) हा शब्द दिसला की विद्यार्थी शेजारी ‘प्रियकर’ लिहून मोकळे होतात. शब्दकोशात तो अर्थ आहेच, पण तो मागाहून चिकटलेला. मूळ नॉर्स शब्द मुलगा किंवा चाकर या अर्थाचा. जहाजावरच्या खलाशांचा मुकादम म्हणजे ‘बोसन’ (boatswain), त्यातही तोच दडला आहे. पुढे खेड्यातला तरुण, मेंढपाळ, आणि मग प्रेमात पडलेला मेंढपाळ, असा तो सरकत गेला.

म्हणून आधी संदर्भ पाहा. थॉमस ग्रेच्या १७५१ च्या शोककवितेतला स्वेन पांढऱ्या केसांचा गावकरी आहे. मेलेल्या तरुणाला पहाटे माळावर जाताना आपण पाहत असू, असं तो सांगतो. गोल्डस्मिथच्या १७७० च्या कवितेतला स्वेन राबणारा शेतकरी. मिल्टनच्या ‘लिसिडस’मधला तर बुडून मेलेल्या मित्रासाठी शोकगीत गातो. तिथे ‘प्रियकर’ लिहिलंत तर कविताच हातची गेली. शेक्सपिअरच्या सिल्वियाच्या गाण्यात मात्र सगळे स्वेन तिची स्तुती करतात, तिथे तो अर्थ बरोबर बसतो. आसपास एखादी तरुणी आणि तिची आळवणी आहे का, एवढं तपासलं तरी बहुतेक वेळा उलगडा होतो.

अनुवादात याहून मोठी चूक होते. ‘गवळी’ म्हटलं की आपल्याकडे गोकुळ उभं राहतं, ‘धनगर’ म्हटलं की बिरोबा आणि ओव्या. हा स्वेन मात्र ग्रीक कवी थिओक्रिटस आणि रोमन कवी व्हर्जिल यांच्या मेंढपाळ-कवितेच्या परंपरेतला. त्याला बासरी वाजवायला लावणारे कवी बहुधा शहरातले, दरबारातले. इंग्रज कवी जॉर्ज क्रॅबने १७८३ मध्येच सुनावलं होतं की काव्यदेवता सुखी स्वेनची गाणी गातात, कारण स्वेनचे कष्ट या देवतांना कधी कळलेच नाहीत. मला ही ओळ फार महत्त्वाची वाटते. अनुवादकाने ‘मेंढपाळ’, ‘गावचा पोर’, ‘शेतकरी’ यांतला शब्द प्रसंग पाहून निवडावा. सगळीकडे एकच ठोकू नये.

उच्चार ‘स्वेन’च करा. ‘स्वाइन’ म्हणजे डुक्कर, आणि वर्गात मोठ्याने वाचताना हा घोटाळा हमखास होतो.

आजच्या इंग्रजीत कुणाच्या प्रियकराला स्वेन म्हटलं तर ते थट्टेचं वाटतं. निबंधात किंवा पत्रात गंभीरपणे वापरू नका.