स्वतःचे इंटरनेट रेडिओ केंद्र कसे सुरू करावे

इंटरनेट रेडिओला मनोरा लागत नाही. त्याऐवजी तीन घटक लागतात: ध्वनी संकुचित करून पाठवणारा संगणक, तो प्रवाह स्वीकारून वाटणारा सर्व्हर आणि श्रोत्याचे प्लेअर. प्रथम सर्व्हरवर आइसकास्ट हे मुक्त सॉफ्टवेअर बसवावे. ते सहसा ८००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरवरील जोडणीच्या क्रमांकित दारावर, चालते. त्याच्या नमुना सेटिंगमधील पासवर्ड जगजाहीर असल्याने ते सर्वांत आधी बदलावेत. त्यानंतर आपल्या संगणकावर ‘बट’सारखा प्रसारण प्रोग्रॅम घेऊन त्यात सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, पासवर्ड आणि प्रवाहाचे नाव भरावे.

खरा विचार बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा पाठवला जातो याचा, करावा लागतो. आकाशवाणीच्या लहरी एकदा सोडल्या की कितीही जणांनी ऐकल्या तरी प्रक्षेपकावर भार वाढत नाही; इथे मात्र सर्व्हर प्रत्येक श्रोत्याला स्वतंत्र प्रत पाठवतो, त्यामुळे १२८ केबीपीएसचा (सेकंदाला १२८ किलोबिट) प्रवाह ५० जण ऐकत असतील तर सुमारे ६.४ एमबीपीएस (सेकंदाला ६.४ मेगाबिट) इतकी अपलोड क्षमता सतत लागते. केवळ बोलण्याचे कार्यक्रम असतील तर ६४ केबीपीएस मोनो (एकाच वाहिनीचा ध्वनी) पुरेसे होते, आणि माझ्या मते नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

प्लेअर काही सेकंदांचा ध्वनी बफरमध्ये साठवून मगच वाजवतो, म्हणून श्रोत्याला आवाज उशिरा पोहोचतो; तो दोष नव्हे. चाचणी मात्र दुसऱ्या नेटवर्कवरील मोबाइलवरून करावी, कारण घरच्याच वायफायवर ऐकू आल्याने बाहेरचा मार्ग खुला असल्याचे सिद्ध होत नाही. व्यावसायिक संगीत वाजवायचे असल्यास हक्कधारकांचा परवाना आधी घ्यावा.