इंजिनाच्या पायाखालचं कुजलेलं लाकूड बदलताना

बोटमालकाची तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते. "भाऊ, इंजिन खूपच हलून राहिलं, रबर बदलून द्या." रबर माउंटिंग, म्हणजे इंजिनाच्या पायाखालचे रबरी टेकू, हातात घेण्याआधी मी माउंटिंगचे कोच स्क्रू (लाकडात जाणारे जाड स्क्रू) पान्याने आवळून पाहतो. स्क्रू नुसता फिरत राहिला, धरलाच नाही, तर दोष रबराचा नाही. खालचं लाकूड गेलेलं आहे.

माझा धंदा मुळात शेतीपंपाच्या डिझेल इंजिनांचा. रामटेकजवळच्या खिंडसीसारख्या तलावांवरच्या जुन्या फायबर बोटींची इंजिनंही त्यामुळे माझ्याकडे येतात. या बोटींच्या तळात लांबीच्या दिशेने दोन जाड लाकडी दांडे असतात, त्यांच्यावर फायबर चढवलेलं असतं आणि इंजिनाचे पाय त्यावर बसवलेले असतात. वरून बघाल तर सगळं ठणठणीत. पाणी स्क्रूच्या भोकातून उतरतं, आत कोंडतं आणि बाहेर यायला वाट नसते. त्यात आपलं पाणी गोडं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात लाकूड कुजवणारी बुरशी दबून राहते, तलावाच्या किंवा पावसाच्या पाण्यात तिला मोकळं रान मिळतं.

कूज किती दूर गेली ते आधी बघा. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा, टणक आवाजाऐवजी 'बद' आवाज आला तिथे खडूची खूण करा. मग पाच मिलिमीटरच्या बिटाने बाजूने छोटी भोकं पाडा. कोरडा, फिकट भुसा निघाला तर लाकूड चांगलं. काळपट, ओला चोथा निघाला तर गेलेलं. चांगलं लाकूड लागेपर्यंत दोन्ही दिशांना पुढे जा. काहीजण भोकं पाडून त्यात पातळ रेझिन ओततात आणि काम झालं म्हणतात. खिडकीच्या चौकटीला ते चालेल. इंजिनाचा धक्का खाणाऱ्या दांड्याला मी ते कधीच करत नाही.

इंजिन उचलण्यापूर्वी बॅटरी सोडवा, डिझेलची लाइन बंद करा आणि मापं घ्या. या मापांत घाई करायची नाही. कपलिंगच्या (इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट जोडणाऱ्या चकत्यांच्या) मध्यापासून दांड्याच्या माथ्यापर्यंतची उंची, दोन दांड्यांमधलं अंतर, प्रत्येक भोकाची जागा, सगळं प्लायवुडच्या तुकड्यावर आखून फर्मा कापून ठेवा. जुना दांडा एकदा फोडला की ही मापं परत मिळत नाहीत. इंजिन मग चेन पुलीने उचलून बाजूला घ्या.

वरचं फायबर ग्राइंडरने कापा, शक्य असेल तर बाजूच्या भिंती शाबूत ठेवा. नव्या लाकडाला त्याच साचा होतात. मास्क लावा, ती धूळ घामाला चिकटली की रात्रभर खाज सुटते. कुजका भाग पटाशीने उकरून काढा, आणि त्याच्या पुढचंही थोडं चांगलं लाकूड काढा, कारण बुरशी डोळ्याला दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. डिझेल-ऑइल मुरलेलं लाकूडही ठेवू नका, त्यावर काहीच चिकटत नाही. मग सुकू द्या. एप्रिलची नागपूरची हवा हे काम फुकटात करते. ओलावा पंधरा टक्क्यांच्या खाली येऊ द्या; मीटर लाकडाच्या व्यापाऱ्याकडे असतो.

नव्या लाकडासाठी नागपूरचा लाकूडबाजार, लकडगंज गाठा. पक्कं, गाभ्याचं सागवान घ्या, कडेचा पांढरट भाग नको, तो लवकर कुजतो. जुन्या वाड्यांच्या तुळया मिळाल्या तर उत्तम, वर्षानुवर्षं सुकलेल्या असतात. मात्र रंधा मारण्याआधी खिळे शोधा. एकच जाड ठोकळा बसवण्यापेक्षा इंचभर जाडीच्या फळ्या एकावर एक चिकटवा. जुन्या लाकडाशी सांधा सरळ कापू नका, जाडीच्या आठपट लांब उतार द्या. सागवान तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी एसीटोनने पुसा.

चिकटवायला रेझिन इपॉक्सीच घ्या; ते रेझिन आणि हार्डनर अशा दोन भागांत येतं, कालवून लावायचं. साधं पॉलिस्टरचं जीपी रेझिन स्वस्त पडतं, पण लाकडाला त्याची पकड कच्ची. इपॉक्सीबरोबर काचतंतूंच्या तुकड्यांची मॅट वापरू नका, तुकडे धरून ठेवणारा तिचा बांध त्यात विरघळत नाही. काचतंतूंचं विणलेलं कापड घ्या.

उन्हाळ्यात वेळेचं गणित सांभाळा. तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सीला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. मगात ढीगभर कालवलं तर डोळ्यादेखत धूर निघतो. थोडंच कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. लाकडावरचा पहिला पातळ हात मी रात्री जेवणानंतर देतो. सकाळी दिला तर ऊन चढताना लाकडातली हवा फुगते आणि बुडबुडे येतात. पहिला हात चिकट असतानाच सिलिका पावडर घालून घट्ट केलेलं इपॉक्सी लावा, फळ्या बसवा. शिकंजा बेताने आवळा, फार आवळला तर सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. कोपरे गोलाईने भरून वर कापडाचे थर द्या. जुन्या फायबरच्या कडा जाडीच्या बारापट लांब घासलेल्या हव्यात: पाच मिलिमीटर फायबरला साठ मिलिमीटर. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत इपॉक्सीवर मेणकट थर येतो आणि तो पाण्याने धुऊन घासल्याशिवाय पुढचा थर धरत नाही.

आता भोकं. बारा मिलिमीटरच्या बोल्टला वीस मिलिमीटरचं भोक पाडा, ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, कडक झाल्यावर त्याच्या मधोमध बाराचं भोक पाडा. बोल्टभोवती आता इपॉक्सीची नळी आहे, पाणी झिरपलं तरी लाकडापर्यंत पोहोचत नाही. जागा असेल तिथे कोच स्क्रूऐवजी आरपार बोल्ट आणि खाली स्टीलची पट्टी घाला.

इंजिन फर्म्यावरून बसवा, पण शाफ्टची लाइन जमिनीवर पक्की करू नका. पाण्यात उतरल्यावर बोटीचा तळ थोडा आकार बदलतो. एक दिवस तरंगू द्या, मग कपलिंगच्या दोन तोंडांमध्ये चारही बाजूंनी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. शंभर मिलिमीटरच्या कपलिंगला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत हवा. जमलं की बोल्ट आवळा, थोडा वेळ इंजिन चालवा आणि गेज पुन्हा लावून बघा.