बायनरी फाइल मजकूर करून ईमेलने कशी पाठवावी

बायनरी फाइल म्हणजे वाचता येणारा मजकूर नसलेली फाइल, जसा फोटो किंवा व्हिडिओ. फोटो मेलला जोडला की मेल प्रोग्राम आपल्या नकळत त्याचा मजकूर करतो. १९८२ च्या ईमेल नियमांत ७ बिटांचीच अक्षरं चालत. १९९२ मध्ये माइम हे मेलमधून इतर फाइली पाठवण्याचं मानक आलं आणि त्यातली बेस-६४ पद्धत, म्हणजे कुठलीही फाइल ६४ साध्या चिन्हांत लिहिणं, रुळली. जिथे अटॅचमेंटची सोय नाही, नुसता मजकूरच जातो, तिथे हे काम हाताने करता येतं.

हिशोब सोपा आहे. तीन बाइट म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला त्या ६४ चिन्हांच्या तक्त्यातलं एक चिन्ह द्यायचं. आपला 'म' यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, २२४, १६४, १७४ असा साठवला जातो. गट पाडले की ५६, १०, १८, ४६ मिळतात. त्यांची चिन्हं म्हणजे अंक ४, मोठा के, मोठा एस आणि छोटा यू. तीनाचे चार होतात, म्हणून फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. मोठ्या व्हिडिओसाठी हा उद्योग करू नये.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून फाइलच्या फोल्डरमध्ये जा. रोमन लिपीत 'सर्टयुटिल' टाइप करा, पुढे जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून 'एन्कोड', मग मूळ फाइलचं नाव आणि शेवटी नव्या मजकूर फाइलचं नाव. एंटर दाबा. लिनक्सवर 'बेस६४', मूळ फाइलचं नाव, '>' आणि नवं नाव एवढं पुरतं.

आता नवी फाइल नोटपॅडमध्ये उघडून सगळा मजकूर निवडा आणि मेलमध्ये चिकटवा. मेल साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवा. शेवटी एक-दोन '=' असले तर ते हमखास राहून जातात; तेही घ्या.

समोरच्याने तो मजकूर फाइलमध्ये साठवून 'एन्कोड'च्या जागी 'डीकोड' लिहायचं. लिनक्सवर 'बेस६४'पुढे उणे चिन्ह आणि छोटा डी. मजकूर विंडोजवर बनला असेल, तर सुरुवातीची आणि शेवटची रेघांची ओळ आधी काढून टाकावी लागते, नाहीतर लिनक्स कुरकुर करतं.

हे कुलूप नाही, मजकूर कुणीही उलटवू शकतो. आधार, पॅन असली कागदपत्रं आधी पासवर्डच्या झिपमध्ये घाला आणि पासवर्ड फोनवर सांगा. महत्त्वाच्या फाइलचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधल्या बाइटांवरून निघणारा ठसा, दोन्हीकडे काढून जुळवा. एक चिन्ह जरी गळलं असेल, तरी तो जुळणार नाही.