स्वतःच्या सर्व्हरवरचं राउंडक्यूब अपग्रेड कसं करावं

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्याला वेबमेल अपग्रेड करायचं म्हटलं की पहिली धास्ती असते ती मेल उडण्याची. राउंडक्यूबच्या बाबतीत या धास्तीत फारसा अर्थ नाही. राउंडक्यूब म्हणजे ब्राउझरमधून मेल बघण्याचं सॉफ्टवेअर, ही नुसती खिडकी आहे. मेल डोव्हकॉटसारख्या आयमॅप सर्व्हरकडे, म्हणजे मेल साठवून दाखवणाऱ्या सर्व्हरकडे, डिस्कवर भलत्याच फोल्डरात असतात. उद्या राउंडक्यूबचा अख्खा फोल्डर पुसला गेला तरी फोनवरच्या मेल ॲपमध्ये सगळं जागच्या जागी दिसेल.

जपायचं ते दुसरंच. लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेले पत्ते, त्यांचे गट, मेलखालच्या सह्या, प्रत्येकाच्या सेटिंग्ज हे सगळं राउंडक्यूबच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतं, आणि ते दुसरीकडे कुठेही नसतं. एका छोट्या संस्थेची चाळीसेक खाती मी सांभाळतो. तिथल्या हिशेब विभागातल्या बाईंनी पुरवठादारांचे सगळे पत्ते राउंडक्यूबमध्येच ठेवलेत. ती यादी गेली तर मेल शाबूत असल्याचं मी कितीही समजावलं तरी उपयोग नाही.

मग हात लावायचाच कशाला? १ जून २०२५ रोजी १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्या आल्या, त्यांचं कारण बघा. सीव्हीई-२०२५-४९११३ या नावाने नोंदलेलं सुरक्षेतलं भोक कोडमध्ये साधारण दहा वर्षं होतं. लॉगिन झालेला कोणीही माणूस त्यातून सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. ‘लॉगिन झालेला’ या शब्दांनी दिलासा वाटून घेऊ नका. चाळीस खात्यांत एकाचा तरी पासवर्ड नाव आणि जन्मसाल जोडून केलेला असतो.

आधी बघा, ते बसवलं कोणी

राउंडक्यूब उघडा, ‘अबाउट’वर क्लिक करा. आवृत्तीचा आकडा आणि चालू प्लगिनची (जोडून घेतलेल्या जादा सोयींची) यादी दिसेल. दोन्ही कागदावर उतरवा.

ते डेबियन किंवा उबुंटूच्या पॅकेजमधून बसवलेलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे ॲप्टनेच, म्हणजे त्यांच्या पॅकेज मॅनेजरनेच, अपडेट करायचं. आकडा जुना दिसला तरी डेबियनवाले सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीतच आणून बसवतात. त्यावर वरून टारबॉल (राउंडक्यूबच्या साइटवरचा फाइलींचा आवळलेला संच) पसरला की पुढच्या अपडेटला दोघांची मारामारी ठरलेली. होस्टिंग पॅनलमधून आलेलं पॅनलमधूनच बदला. डॉकरमध्ये असेल तर इमेज बदलायची. पुढची पद्धत टारबॉल उतरवून हाताने बसवलेल्या राउंडक्यूबसाठी आहे, आणि उदाहरण माझंच, १.४ वरून १.६ वर जाण्याचं.

कमांड मी इथे अक्षरशः देत नाही. संचाबरोबर ‘अपग्रेडिंग’ नावाची फाइल येते, तिच्यात त्या आहेत, आणि त्या तिथूनच घेतलेल्या बऱ्या.

१.६ ला पीएचपी (राउंडक्यूब ज्या भाषेत लिहिलंय ती) किमान ७.३ लागतं. इथे एक गंमत होते. टर्मिनलमधलं पीएचपी आणि वेबसर्व्हर वापरतो ते पीएचपी, ही दोन वेगवेगळी असू शकतात. अपग्रेडची स्क्रिप्ट पहिल्यावर चालते, साइट दुसऱ्यावर. दोन्हींचे आकडे बघा. इंटल, एमबीस्ट्रिंग, डॉम ही एक्स्टेन्शन्सही दोन्हीकडे आहेत ना, ते तपासा.

बॅकअप, आणि तो उघडून बघणं

दोन गोष्टी घ्यायच्या: राउंडक्यूबचा अख्खा फोल्डर आणि डेटाबेसचा डम्प, म्हणजे त्यातला सगळा मजकूर एका फाइलीत. फोल्डरमध्ये कॉन्फिग फाइल आलीच, आणि तिच्यात ‘डेस-की’ नावाची चोवीस अक्षरांची किल्ली असते, तीही आली. डेटाबेस एसक्यूलाइटचा असेल तर एका फाइलची प्रत काढली की झालं. मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल असेल तर डम्प घेताना कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८-एमबी-४ असा स्पष्ट सांगा. आपल्याकडे पत्त्यांमध्ये ‘कुलकर्णी काका, मिरज’ अशा देवनागरी नोंदी असतात. सेट चुकला तर परत भरताना त्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते.

डम्प झाला की फाइल उघडा. शेवटच्या ओळीत डम्प पूर्ण झाल्याची नोंद आणि तारीख असायला हवी. ती नसेल तर डिस्क भरल्यामुळे किंवा कनेक्शन तुटल्यामुळे तो अर्ध्यात थांबलाय. मग मध्ये कुठेतरी एखादं मराठी नाव शोधा. ते नीट वाचता आलं की ती फाइल दुसऱ्या मशीनवर न्या. त्याच डिस्कवर ठेवलेल्या प्रतीला मी बॅकअप म्हणत नाही.

रंगीत तालीम

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. एक सबडोमेन घ्या, त्यावर राउंडक्यूबच्या फोल्डरची प्रत ठेवा, डम्प नव्या नावाच्या डेटाबेसमध्ये भरा आणि अपग्रेड आधी तिथे करून बघा. आयमॅप सर्व्हर तोच राहू द्या, म्हणजे खऱ्या खात्याने लॉगिन करून खरे मेल बघता येतात.

तालमीच्या प्रतीतल्या कॉन्फिगमध्ये डेटाबेसचं नाव बदलायला मात्र विसरू नका. मी विसरलो होतो. फोल्डर कॉपी केला, नवा डेटाबेस भरला, खुशीत स्क्रिप्ट चालवली. ती मुकाट्याने कॉन्फिगमध्ये लिहिलेल्या डेटाबेसकडे गेली, म्हणजे चालू डेटाबेसकडे. भरदुपारी, लोक कामात असताना, त्यांच्या तक्त्यांची रचना बदलली. जुना कोड नव्या रचनेवर रात्रीपर्यंत रेटत राहिला म्हणून कोणाला कळलं नाही. मला मात्र त्या रात्रीच खरं अपग्रेड उरकावं लागलं. तेव्हापासून तालमीच्या डेटाबेसला मी वेगळा यूजर आणि वेगळा पासवर्ड देतो. नाव बदलायचं राहिलं तर डेटाबेसच दार उघडत नाही.

तालमीत मुख्यतः प्लगिन तपासायचे. मूळ संचातले चालतात. तक्रार येते ती बाहेरून आणलेल्यांची, विशेषतः ज्यांना चार वर्षांत कोणी हात लावलेला नाही अशांची. कॉन्फिगमधली प्लगिनची यादी रिकामी करा, साइट उघडते का बघा, मग एकेक नाव परत घाला. पांढरं पान आलं की शेवटचं नाव दोषी.

प्रत्यक्ष अपग्रेड

वेळ संध्याकाळी ऑफिस सुटल्यानंतरची. लोकांना आदल्या दिवशी सांगा, आणि सांगताना ‘अर्धवट लिहिलेला मेल मसुद्यात सेव्ह करून ठेवा’ हे नक्की सांगा. मग वेबसर्व्हरवर ‘काम चालू आहे’ची पाटी लावा आणि शेवटचा डम्प घ्या. दुपारचा डम्प चालणार नाही. मधल्या तासांत कोणीतरी नवा पत्ता जोडलेला असतो.

‘कम्प्लीट’ नावाचा संच उतरवा. त्यात लागणाऱ्या बाकीच्या लायब्ररी आधीच घातलेल्या असतात, कंपोझरशी (पीएचपीच्या लायब्ररी आणणाऱ्या साधनाशी) झटापट करावी लागत नाही. सोबतची डिजिटल सहीची फाइल जीपीजी या साधनाने तपासा, म्हणजे संच अस्सल आहे ते कळतं. संच होम फोल्डरात सोडवा, चालू राउंडक्यूबवर सोडवू नका. जुन्या फाइलींवर नव्या पसरल्या की काढून टाकलेल्या जुन्या फाइली आत तशाच पडून राहतात.

मग नव्या संचाच्या ‘बिन’ फोल्डरातली ‘इन्स्टॉल-टू’ स्क्रिप्ट चालवा आणि तिला चालू राउंडक्यूबचा पत्ता द्या. ती जुनी आवृत्ती ओळखते, पुढे जाऊ का विचारते, फाइली बदलते आणि ‘अपडेट’ स्क्रिप्टला हाक मारते. ही दुसरी स्क्रिप्ट कॉन्फिग तपासते आणि डेटाबेसची रचना बदलते. रचनेचे बदल तारखेच्या आकड्यांनी नावं दिलेल्या छोट्या फाइलींत असतात. आपला डेटाबेस कुठल्या आकड्यावर आहे याची नोंद ‘सिस्टीम’ तक्त्यात असते. त्यापुढच्या सगळ्या फाइली ओळीने चालतात, म्हणून १.४ वरून थेट १.६ वर जाता येतं, मध्ये थांबायची गरज नाही. सगळं सुरळीत झालं की शेवटी स्क्रिप्ट ‘आता मजा करा’ अशा अर्थाचं वाक्य छापते. तेवढ्यावर पाटी काढू नका.

१.६ मध्ये कॉन्फिगची नावं बदलली आहेत. ‘डीफॉल्ट होस्ट’चं ‘आयमॅप होस्ट’ झालं, ‘एसएमटीपी सर्व्हर’चं (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरच्या पत्त्याचं) ‘एसएमटीपी होस्ट’ झालं, आणि पोर्टच्या वेगळ्या ओळी जाऊन पोर्ट त्याच पत्त्याच्या शेपटीला आलं. स्क्रिप्ट विचारून हे बदलून देते, पण नंतर स्वतः फाइल उघडून बघा. नेहमीचा घोळ असा होतो: मेल येतात, जात मात्र नाहीत. एसएमटीपी होस्टमध्ये टीएलएस (सुरक्षित जोडणी) लावून ‘लोकलहोस्ट’ लिहिलेलं असतं आणि सर्टिफिकेट असतं मेल सर्व्हरच्या खऱ्या नावाचं. पीएचपी ते नाव पडताळून बघतं, जुळत नाही म्हणून कनेक्शन तोडतं. पत्त्यात सर्टिफिकेटवरचंच नाव लिहा, पोर्ट ५८७.

स्क्रिप्ट रूट म्हणून चालवली असेल तर फाइलींची मालकी बघा. ‘टेम्प’ आणि ‘लॉग्ज’ या दोन फोल्डरांत वेबसर्व्हरच्या यूजरला लिहिता आलं पाहिजे, नाहीतर अटॅचमेंट चढत नाही. ‘इन्स्टॉलर’ फोल्डर असेल तर काढून टाका. पीएचपी-एफपीएम (वेबसर्व्हरसाठी पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड करा, नाहीतर ऑपकॅशमधला, म्हणजे पीएचपीने स्मृतीत धरून ठेवलेला, शिळा कोड काही वेळ वाढला जातो.

पाटी काढण्याआधी

एका टर्मिनलमध्ये एररचा लॉग चालू ठेवा आणि दुसरीकडे सामान्य खात्याने लॉगिन करा, ॲडमिनच्या नव्हे. बाहेरच्या पत्त्यावर मेल पाठवा, विषय मराठीत, जोडाक्षरं असलेला, आणि सोबत पाच-सात एमबीची पीडीएफ. उत्तर मागवा. पत्ता टाइप करताना जुनी नावं सुचवली जातात का, सही येते का, फिल्टर दिसतात का ते बघा. पासवर्ड बदलायचा प्लगिन असेल तर पासवर्ड खरोखर बदलून बघा, कारण तो बिघडल्याचं कळतं तेव्हा नेमकं कोणीतरी बाहेरगावी असतं.

‘लॅरी’ आणि ‘क्लासिक’ या जुन्या स्किन (पडद्याची रूपं) १.६ च्या मूळ संचात नाहीत, आता ‘इलॅस्टिक’ आहे. कॉन्फिगमध्ये जुनं नाव राहिलं असेल तर बदला. सकाळी येणारे निम्मे फोन याच विषयावर असतील: ‘अहो, ते उत्तर द्यायचं बटण कुठे गेलं?’ पडद्याचा एक फोटो काढून, त्यावर बाण मारून आदल्या रात्रीच पाठवून ठेवा.

काही सावरतच नसेल तर मागे जायचं, पण फोल्डर आणि डेटाबेस दोन्ही बरोबर. जुन्या कोडला नवा डेटाबेस किंवा उलट, असं अर्धंमुर्धं करू नका. निर्णय त्याच रात्री घ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मागे गेलात तर सकाळपासून लोकांनी जोडलेले पत्ते गेले.

सगळं मार्गी लागलं की तालमीचं सबडोमेन, त्यावरचा फोल्डर आणि डेटाबेसची ती प्रत, तिन्ही पुसून टाका. पुढच्या वेळी मुख्य राउंडक्यूब अपडेट होतं, ही प्रत मात्र जुन्याच आवृत्तीवर इंटरनेटवर उघडी राहते, आणि हिशेब विभागाची ती पुरवठादारांची यादी तिच्यातही असतेच.