मनाच्या आजारासाठी आपल्या जिल्ह्यात उपचार कसे मिळवायचे

झोप उडाली आहे, कामात लक्ष लागत नाही, घरातलं कुणीतरी एकटंच बोलतं, कुणी सारखं 'मला जगायचं नाही' म्हणतं. अशा वेळी कुठे जायचं हे न कळल्यामुळे महिने वाया जातात. खरं तर महाराष्ट्रात सरकारी दारं बरीच आहेत. कोणत्या त्रासाला कोणतं दार आणि तिथे जाताना हातात काय असावं, हे कळलं की अर्धं काम होतं.

जिवाला धोका असेल तर खालचं सगळं नंतर वाचा. माणसाला एकटं सोडू नका. कीटकनाशक, गोळ्यांचा साठा, दोर, धारदार वस्तू घरातून बाहेर काढा. नुसत्या कपाटात ठेवून भागत नाही. १०८ ला रुग्णवाहिकेसाठी किंवा ११२ ला फोन करा, नाहीतर जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा. विष घेतलं असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका, डबा किंवा पाकीट सोबत घ्या आणि निघा. 'पोलीस केस होईल' म्हणून दवाखाना टाळणारी घरं अजूनही आहेत. रुग्णालय नोंद करतं, हे खरं. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं दंड संहितेचं जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही. उपचाराला उशीर करण्याचं काहीच कारण नाही.

पहिला फोन: १४४१६

टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६, आधी कोणताही कोड लावायचा नाही. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. चोवीस तास चालू, फुकट, मराठीत. आधी भाषा निवडावी लागते, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. त्याला गरज वाटली तर तो फोन मानसोपचारतज्ज्ञाकडे वळवतो किंवा जवळचं सरकारी केंद्र सांगतो. फोन करताना कागद-पेन जवळ ठेवा आणि सुरुवातीलाच तीन गोष्टी सांगा: कोणासाठी फोन आहे, त्रास केव्हापासून आहे, आणि तुम्ही कोणत्या तालुक्यात राहता. शेवटी हे नक्की विचारा: 'माझ्या जिल्ह्यात मानसोपचार ओपीडी कोणत्या वारी असते?' घरच्यांनी रुग्णाच्या वतीने फोन केला तरी चालतो. रुग्ण स्वतः तयार नसेल तेव्हा ही सोय फार उपयोगी पडते.

व्यसनासाठी वेगळा क्रमांक आहे, १४४४६. मुलांसाठी १०९८, घरात हिंसा सोसणाऱ्या बाईसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७. त्रासाचं मूळ मारहाणीत असेल तर नुसत्या झोपेच्या गोळीने भागणार नाही, म्हणून हे क्रमांकही जवळ असावेत.

सिव्हिलची मानसोपचार ओपीडी

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून चालतो. त्याचं केंद्र जिल्हा रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत सिव्हिलमध्ये असतं. मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असं पथक त्यात अपेक्षित आहे. पदं सगळीकडे भरलेली नसतात, म्हणून जाण्याआधी वार विचारून घ्यायचा. हेच पथक ठरलेल्या दिवशी काही ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतही जातं. तालुक्यातच काम होत असेल तर जिल्ह्याची एसटी कशाला पकडायची? ही माहिती आशाताईंकडे किंवा आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे मिळते.

मोठ्या शहरांत वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत: पुण्यात ससून, मुंबईत जेजे, केईएम, सायन, नायर, नागपुरात मेडिकल. इथे मानसोपचाराचा पूर्ण विभाग असतो. प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. मनोरुग्णालयात दाखवायला नेलं म्हणजे दाखल करावंच लागतं, हा समज काढून टाका.

सकाळी लवकर पोचा, कारण केसपेपरची खिडकी दुपारआधीच बंद होते. आधार कार्ड, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. महानगरपालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयात येत नाहीत, तिथे थोडं शुल्क लागू शकतं. खिडकीवर 'मानसोपचार विभाग' एवढंच सांगायचं. कारण मोठ्याने सांगायची गरज नाही.

डॉक्टरसमोर वेळ थोडा असतो आणि रुग्ण बहुधा 'मी ठीक आहे' एवढंच म्हणतो. म्हणून घरीच एक पान लिहून न्या. असं:

'वय ३४. दीड महिन्यापासून झोप रात्री दोननंतर लागते, पाचला जाग येते. जेवण निम्म्यावर. आंघोळ तीन-तीन दिवस नाही. दुकानात जाणं पंधरा दिवसांपासून बंद. गेल्या मंगळवारी म्हणाला, "मी नसलो तर बरं होईल." दोन वर्षांपूर्वी असाच त्रास झाला होता, तेव्हाची चिठ्ठी सोबत. थायरॉईडची गोळी चालू. दारू आठवड्यातून दोनदा, आता रोज. मामाला असाच आजार होता.'

यात 'तो आळशी झालाय', 'वागणं बिघडलंय' असले शेरे नाहीत, हे बघा. डॉक्टरला केव्हापासून, किती आणि काय बदललं हे हवं असतं. थायरॉईडचं लिहायचं कारण साधं आहे: थायरॉईड कमी असला की उदासी, सुस्ती, वजन वाढणं अशी लक्षणं दिसतात आणि निदान चुकू शकतं. जगायचं नाही असं बोललेले शब्द जसेच्या तसे लिहा, सौम्य करू नका. रुग्णासमोर वाचणं अवघड वाटलं तर पान डॉक्टरच्या हातात द्या.

निघण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्या: गोळीचं नाव आणि वेळ, गुण यायला किती दिवस लागतील, कोणता त्रास झाला तर लगेच यायचं, पुढची तारीख कोणती.

बहुतेकांची गाडी अडते ती इथे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ, डोकं जड होणं, पेंग हे पहिल्या आठवड्यातच जाणवतं. रुग्णाला वाटतं, गोळीने उलट बिघडलं, आणि तो आठव्या दिवशी ती बंद करतो. दुसरं टोक म्हणजे दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून स्वतःच थांबणं. दोन्ही वेळी आजार परतू शकतो. शिवाय काही गोळ्या एकदम थांबवल्या की चक्कर, चिडचिड, झोपमोड होते. त्रास झाला तर गोळी सोडण्याऐवजी १४४१६ ला किंवा ओपीडीत विचारा. डोस किंवा वेळ बदलून बऱ्याचदा भागतं. सरकारी औषध खिडकीत एखादी गोळी संपलेली असते, म्हणून घरातला साठा आठवडाभराचा उरला की जा, शेवटच्या गोळीची वाट पाहू नका.

कोणाकडे जायचं: पाटीवरचं नाव नीट वाचा

औषध लिहून देण्याची गरज असते तिथे मानसोपचारतज्ज्ञ लागतो. तो एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेला डॉक्टर असतो, राज्यात त्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकून तपासता येते. समुपदेशक मात्र कुणीही स्वतःला म्हणवून घेतं. शिक्षण काय, किती तासांचा प्रत्यक्ष सराव, वरिष्ठ कोण, हे विचारायला संकोच करू नका. चांगला समुपदेशक याचा राग मानत नाही. भास, संशय, अतिउत्साहाचे झटके, अजिबात झोप नसणं, जीव द्यायचे विचार: यांत आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग समुपदेशन. नात्यातला ताण, परीक्षेची भीती, शोक यांसाठी समुपदेशनापासून सुरुवात केली तरी चालते. 'सात दिवसांत कायमचं बरं' असं कुणी सांगितलं तर तिथून उठा.

देवऋषी, दर्गा, बाबा यांच्याकडे जाणारे नातेवाईक असतातच. त्यांच्याशी भांडण काढून रुग्णाचं भलं होत नाही. नवस करायचा तर करा, पण गोळी चालू राहिली पाहिजे आणि माणसाला साखळीने बांधणं, मारणं, उपाशी ठेवणं चालणार नाही. साखळीने बांधायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

रुग्ण यायला तयार नसेल तर

ही सगळ्यात कठीण स्थिती, आणि घरचे इथेच फसवाफसवी करतात. 'लग्नाला जाऊ' म्हणून दवाखान्यात नेलं की पुढे तो माणूस तुमच्यावर आणि डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही. त्याला जो त्रास स्वतःला जाणवतो, त्याच्याच नावाने चला: झोप, डोकेदुखी, दम लागणं. 'तू वेडा झालास' नाही, तर 'तुला चार रात्री झोप नाही, त्याचं बघू' असं. गोळी न सांगता जेवणात मिसळू नका; कळल्यावर तो जेवणच सोडतो.

तरीही जमलं नाही आणि त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, किंवा तो स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर २०१७ च्या त्याच कायद्याच्या कलम ८९ खाली त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाने स्वतः नेमलेला माणूस, नेमला नसेल तर सहसा नातेवाईक) अर्जावर दाखल करता येतं. त्यासाठी दोन डॉक्टरांनी किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा. ही मुदत जास्तीत जास्त तीस दिवस. तातडीच्या वेळी, प्रतिनिधीची संमती मिळण्यासारखी असेल तर ती घेऊन, कोणताही नोंदणीकृत डॉक्टर कलम ९४ खाली ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो. रस्त्यावर बेवारस फिरणारा रुग्ण दिसला तर पोलीस ठाण्याला कळवा: त्याला ताब्यात घेतल्यावर २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणं हे पोलिसांचं काम आहे. घरात कोंडून ठेवलेल्या किंवा मारहाण होत असलेल्या रुग्णाची माहितीही ठाण्यात देता येते.

पैसे, विमा आणि दाखला

मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्याच कलम २१(४) प्रमाणे आरोग्य विम्यात शारीरिक आजारांइतकंच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यावं लागतं. मात्र बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, ओपीडी आणि थेरपी सहसा नाही. प्रतीक्षा कालावधीचं (विमा घेतल्यावर किती काळ दावा करता येत नाही, त्याचं) पान वाचा आणि विमा घेताना आजार लपवू नका, दावा नाकारला जाण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

आजार दीर्घकाळ टिकला आणि कामावर परिणाम झाला असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राचा विचार करा. अर्ज सरकारच्या स्वावलंबन या संकेतस्थळावर होतो, तपासणी रुग्णालयात. मानसिक आजाराचं मोजमाप वेगळ्या पट्टीवर होतं: स्वतःची काळजी, नाती, बोलणं-समजणं, काम आणि आजाराचा कालावधी. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. सलग उपचाराचे कागद नसले की अर्ज इथेच अडतो, म्हणून पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक केसपेपर एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावत जा. कागद हरवला असेल तर कलम २५ नुसार आपल्या उपचाराच्या नोंदी मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. रुग्णालयाकडे लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या.