टेबलावरचं मऊ प्लास्टिक आणि गरम पोळी

जेवणाच्या टेबलावर अंथरलेलं पारदर्शक प्लास्टिक काही वर्षांनी चिकट होतं, कडेला कडक पडतं. हे बहुतेकदा पीव्हीसी नावाचं प्लास्टिक असतं, आणि पीव्हीसी मुळात कडकच. ते मऊ करायला बहुतेकदा थॅलेट गटातली तेलकट रसायनं मिसळतात. ती प्लास्टिकशी पक्की जोडलेली नसतात, त्यामुळे हळूहळू बाहेर झिरपतात. तेल-तूप किंवा उष्णता लागली की आणखी लवकर. त्यातलं डीईएचपी नावाचं थॅलेट शरीरातल्या संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) कामात ढवळाढवळ करतं.

तेव्हा तव्यावरची पोळी थेट त्या प्लास्टिकवर टाकू नका. (आमच्या घरी ही सवय मोडायला बरेच दिवस लागले.) लोणचं, तूप काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवा. डब्याच्या तळाशी त्रिकोणात 3 दिसला तर तो पीव्हीसी. त्यात खाण्याचं काही नको. मायक्रोवेव्हमध्ये भाजीवर प्लास्टिकऐवजी काचेची बशी झाका.

बाळ चावतं ती मऊ प्लास्टिकची खेळणी मात्र निवडूनच घ्या. भारतात 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. जत्रेतल्या पिपाणी-बदकावर ते सहसा दिसत नाही, म्हणून तान्ह्याला लाकडी खुळखुळा बरा.