स्टीरिओ जुळणीतला संभ्रम कसा हाताळावा

स्टीरिओ जुळणी म्हणजे शेजारी ठेवलेल्या दोन कॅमेऱ्यांच्या प्रतिमांत एकच बिंदू शोधून त्याचे अंतर काढणे. डाव्या प्रतिमेतल्या एका पिक्सेलला उजवीकडे तीन-चार सारखेच जोडीदार सापडले की डिस्पॅरिटीच्या (एकच बिंदू दोन प्रतिमांत किती पिक्सेल सरकतो त्याच्या) नकाशात सपाट भिंतीला खड्डे पडतात आणि कुंपणाच्या गजांचे अंतर भलतेच येते. सेटिंग्ज बदलण्याआधी दुखणे ओळखा. बिघडलेल्या भागातला एक पिक्सेल घ्या आणि प्रत्येक डिस्पॅरिटीला येणाऱ्या कॉस्टचा, म्हणजे जुळणी किती वाईट आहे त्या आकड्याचा, आलेख काढा. तळ सपाट दिसला तर तिथे पोतच नाही. ठरावीक अंतराने सारखे खोल खड्डे दिसले तर पुनरावृत्ती आहे: फरशा, खिडक्या, जाळी. सगळीकडेच कॉस्ट जास्त असेल तर तो भाग बहुधा दुसऱ्या कॅमेऱ्याला दिसत नाही, किंवा तिथे चकाकी आहे.

रेक्टिफिकेशनही, म्हणजे दोन्ही प्रतिमांच्या ओळी एका रेषेत आणणेही, तपासा. एकाच बिंदूच्या दोन प्रतिमांतल्या ओळींत अर्ध्या पिक्सेलहून जास्त फरक असेल तर आधी कॅलिब्रेशन सुधारा.

मग शोधाची व्याप्ती आवळा. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय हाच. डिस्पॅरिटी म्हणजे फोकल लेंग्थ गुणिले बेसलाइन (दोन कॅमेऱ्यांमधले अंतर), भागिले वस्तूचे अंतर. ७०० पिक्सेल आणि ०.१२ मीटर धरले तर १ मीटरवर ८४ आणि ८ मीटरवर १०.५ येते. ओपनसीव्ही या लायब्ररीतल्या एसजीबीएम या जुळणी पद्धतीत किमान डिस्पॅरिटी ८ आणि व्याप्ती ८० ठेवा. व्याप्ती १६ च्या पटीत लागते. नक्षी दर २० पिक्सेलला पुन्हा येत असेल तर आता चारच दावेदार उरतात. ० ते १२७ शोधले असते तर सहा-सात उरले असते. मात्र १ मीटरच्या आत काही आले तर त्याची खरी जुळणी व्याप्तीबाहेर जाते आणि खोटी निवडली जाते.

विंडो (तुलनेसाठी घेतलेला पिक्सेलचा चौकोन) ५ पासून सुरू करा, युनिकनेस रेशो (सर्वोत्तम जुळणी दुसरीपेक्षा किती टक्के सरस हवी) १० ठेवा. विंडो वाढवल्याने पुनरावृत्ती सुटेल अशी आशा नको. नक्षीच्या कडेपर्यंत पोहोचली तरच मोठी विंडो कामी येते, एरवी फक्त वस्तूंच्या कडा फुगतात.

डावी-उजवी पडताळणी, म्हणजे उजवीकडून डावीकडे उलट जुळवूनही तेच उत्तर येते का ते पाहणे, जरूर लावा, फरकाची मर्यादा १ ठेवून. ती झाकलेले भाग चांगले पकडते. पुनरावृत्तीच्या चुका मात्र तिच्यातून सहज निसटतात, कारण एक घर सरकलेली जुळणी दोन्ही दिशांनी तितकीच सुसंगत असते. इथे तिसरा कॅमेरा लागतो. पहिली बेसलाइन १२ सेंटिमीटर असेल तर दुसरी १८ ठेवा आणि दोन्ही कॉस्ट अंतराच्या व्यस्तावर मांडून बेरीज करा. खरा खड्डा दोन्हींत एकाच जागी येतो, खोटे बरेचसे विखुरतात. २४ सेंटिमीटर घेऊ नका. दुप्पट बेसलाइनमध्ये पहिलीचे सगळे खोटे खड्डे जसेच्या तसे पुन्हा येतात.

आडव्या रेघांसाठी तिसरा कॅमेरा वर बसवा. कोऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरने विस्कळीत ठिपके टाका. नियमित जाळी टाकलीत तर नवी पुनरावृत्ती तयार होते.

एसजीबीएम डिस्पॅरिटी १६ पट करून देते, म्हणून निकाल १६ ने भागायला विसरू नका. आणि अवैध, म्हणजे जुळणी न सापडलेले, पिक्सेल आधी वेगळे काढा: या सेटिंगमध्ये त्यांची किंमत भागल्यावर ७ येते, म्हणजे सूत्रात टाकली तर खोटेच १२ मीटर अंतर. झाकलेल्या भागातली भोके भरायचीच असतील तर दोन शेजाऱ्यांपैकी लहान डिस्पॅरिटी घ्या, कारण झाकला जातो तो मागचा पृष्ठभाग. पुनरावृत्तीमुळे पडलेली भोके तशीच रिकामी ठेवा.